सहा तासांचे टेक्नेशिअम

काही वर्षांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका उन्हाळी शिबिरात आम्ही अणुभट्ट्यांवर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर एक शिक्षिका थांबल्या. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी बी.एस्सी. झाली होती आणि न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्टचा अभ्यासक्रम करायचा म्हणत होती. घरचे तयार नव्हते. “किरणोत्सर्गात दिवसभर वावरायचे, आणि शेवटी काम काय, तर एक्स-रे काढण्यासारखेच ना?” असा त्यांचा प्रश्न होता. आम्हाला गाडी गाठायची होती. “चांगला विषय आहे, जाऊ द्या तिला,” एवढे बोलून आम्ही निघालो. सल्ला चुकीचा नव्हता, पण प्रश्नाचे उत्तर काही आम्ही दिले नव्हते. ते येथे सविस्तर द्यावे म्हणतो. त्यासाठी थोडे मागे, १९११ सालच्या मँचेस्टरपर्यंत जावे लागेल.

आधी फरक सांगून टाकू. एक्स-रे काढताना किरण बाहेरून येतात आणि शरीरातून आरपार जातात. पलीकडे पडते ती सावली. अणुवैद्यकात, म्हणजे न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, किरणोत्सारी द्रव्याचा अत्यल्प अंश रुग्णाच्या शरीरात सोडतात. ते द्रव्य रक्ताबरोबर फिरते, एखाद्या इंद्रियात साचते, आणि तेथून बाहेर येणारे गॅमा किरण कॅमेरा टिपतो. म्हणजे येथे दिवा आत आहे आणि पाहणारा बाहेर. हाड मोडले आहे का, हे एक्स-रे सांगतो. त्या हाडात नवे हाड घडवण्याचे काम कोठे नको तितके जोरात चालू आहे, हे अणुवैद्यक सांगते. एकात रचना दिसते, दुसऱ्यात कारभार.

आता हेवेशी. जॉर्ज द हेवेशी हा हंगेरीतला तरुण रसायनशास्त्रज्ञ १९११ मध्ये रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत आला. तेथे ऑस्ट्रियाच्या सरकारकडून आलेले किलोगणिक शिसे पडून होते. त्यात ‘रेडियम-डी’ नावाचे किरणोत्सारी द्रव्य मिसळलेले होते. ते शिशापासून वेगळे काढ, असे रदरफोर्डनी त्याला सांगितले. हेवेशीने जवळजवळ दोन वर्षे माहीत असलेली प्रत्येक युक्ती करून पाहिली. काहीच वेगळे होईना. कारण साधे होते, पण ते त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हते: रेडियम-डी हे शिसेच आहे, शिशाचा एक किरणोत्सारी समस्थानिक. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोघांत फरकच नाही, मग रासायनिक क्रिया त्यांना वेगळे काय करणार?

अपयश येथवर आल्यावर हेवेशीने ते उलटे करून पाहिले. वेगळे काढता येत नाही ना, मग साध्या शिशात हे मुद्दाम मिसळावे. साधे शिसे जेथे जाईल तेथे हेही जाईल, आणि जाताना आपला ठावठिकाणा सांगत राहील. १९१३ मध्ये व्हिएन्नात फ्रिट्झ पानेथ यांच्याबरोबर त्याने शिशाच्या जवळजवळ न विरघळणाऱ्या क्षारांची विद्राव्यता या रीतीने मोजली. १९२३ मध्ये बाकल्याच्या रोपांनी मुळांतून घेतलेले शिसे खोडापानांत कसे चढते, ते पाहिले. मँचेस्टरच्या खाणावळीतली त्याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. रविवारी ताटात उरलेले मांस पुढच्या दिवसांत पुन्हा वेगळ्या रूपाने वाढले जाते, असा त्याला संशय होता. घरमालकीण ते नाकारी. त्याने उरलेल्या अन्नात थोडे किरणोत्सारी द्रव्य टाकले आणि काही दिवसांनी आलेल्या पदार्थाजवळ इलेक्ट्रोस्कोप धरला. संशय खरा ठरला. ही गोष्ट हेवेशी स्वतः सांगत असे. आज असा प्रयोग कोणी केला तर त्याची जागा तुरुंगात असेल, हे वर्गात सांगताना जरूर जोडावे. पण मार्गण म्हणजे काय हे मुलांना कळायला याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी सापडलेले नाही. या कामासाठी हेवेशीला १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसावर हा विचार पहिल्यांदा लावला तो बॉस्टनच्या हरमन ब्लूमगार्ट या डॉक्टरांनी, १९२५ च्या सुमारास. एका दंडात किरणोत्सारी द्रव्य टोचायचे आणि ते दुसऱ्या हातात पोचायला किती वेळ लागतो हे मोजायचे. निरोगी माणसात सरासरी सुमारे १८ सेकंद लागत. हृदय दुबळे असेल तर जास्त. प्रयोग देखणा होता, पण वापरलेले द्रव्य निसर्गात मिळणारे होते, आणि निसर्गात मिळणारी किरणोत्सारी द्रव्ये म्हणजे मुख्यतः शिसे, बिस्मथ, रेडियम, थोरियम असली जड मंडळी. शरीराला त्यांचे काही काम नसते. शरीराला लागते आयोडीन, फॉस्फरस, लोह. ते किरणोत्सारी रूपात मिळणार कोठून?

ही अडचण १९३४ मध्ये सुटली. इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी साध्या मूलद्रव्यापासून कृत्रिम रीतीने किरणोत्सारी समस्थानिक बनवून दाखवले. पुढे बर्कलीत अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या सायक्लोट्रॉनमधून ते भराभर बाहेर पडू लागले. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी बॉस्टनमध्ये एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन यांचे डॉक्टरांसमोर व्याख्यान झाले. विषय होता, पदार्थविज्ञान वैद्यकासाठी काय करू शकेल. श्रोत्यांत सॉल हर्ट्झ हे थायरॉइडचे तरुण डॉक्टर होते. आयोडीन किरणोत्सारी करता येईल का, असे त्यांनी विचारले. कॉम्प्टन यांनी लगेच उत्तर दिले नाही. महिनाभराने पत्राने कळवले की, येईल. त्यातून ४८ सशांवरचे प्रयोग झाले. थायरॉइड ग्रंथी रक्तातले आयोडीन ओढून घेते, हे माहीत होते. आता ते बाहेरून मोजता येऊ लागले. १९४१ मध्ये हर्ट्झ यांनी थायरॉइड अतिक्रियाशील झालेल्या रुग्णांवर किरणोत्सारी आयोडीनचे उपचारही सुरू केले.

सशांसाठी वापरलेल्या आयोडीन-१२८ चे अर्धायुष्य होते २५ मिनिटे. म्हणजे २५ मिनिटांत त्यातला अर्धा किरणोत्सार संपतो, आणखी २५ मिनिटांत उरलेल्याचा अर्धा. तयार करून सशाला टोचून ग्रंथीजवळ मोजयंत्र नेईपर्यंत हातात फारसे काही उरत नसे. बर्कलीतले डॉक्टर जोसेफ हॅमिल्टन यांचीही हीच तक्रार होती. ग्लेन सीबॉर्ग यांनी त्यांना विचारले की, तुम्हाला किती अर्धायुष्याचे आयोडीन हवे? हॅमिल्टन म्हणाले, साधारण आठवड्याचे. १९३८ मध्ये सीबॉर्ग आणि जॉन लिव्हिंगूड यांनी आयोडीन-१३१ शोधले. त्याचे अर्धायुष्य निघाले आठ दिवस. सीबॉर्ग यांच्या आईच्या आजारपणात पुढे हेच आयोडीन कामी आले.

शिंप्याकडे जाऊन अंगाचे माप द्यावे तसे डॉक्टरने अर्धायुष्याचे माप द्यावे, हा प्रसंग आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. कारण अणुवैद्यकाचा पुढचा सगळा इतिहास या मापाभोवती फिरतो. अर्धायुष्य फार लहान असेल तर तपासणी पुरी होत नाही. फार मोठे असेल तर तपासणी संपल्यावरही रुग्णाच्या अंगात किरणोत्सार चालूच राहतो. शिवाय आयोडीन-१३१ गॅमा किरणांबरोबर बीटा कणही सोडते. उपचारासाठी ते हवेच असतात, कारण आजारी पेशी मारायच्या असतात. पण नुसते चित्र काढायचे असेल तर त्यांचा उपयोग शून्य आणि उपद्रव मात्र भरपूर. चित्रासाठी वेगळे काहीतरी हवे होते: काही तासांचे अर्धायुष्य, बीटा जवळजवळ नाही, आणि गॅमा किरण असे की शरीरातून सहज बाहेर यावेत पण कॅमेऱ्याच्या स्फटिकात अडकावेत.

असे द्रव्य त्याच १९३८ साली बर्कलीत सापडलेले होते. कोणी त्याच्याकडे वीस वर्षे पाहिले नाही.

भेसळ

मेंडेलेव्हच्या आवर्तसारणीत ४३ क्रमांकाची जागा बराच काळ रिकामी होती. एमिलिओ सेग्रे हा इटालियन पदार्थवैज्ञानिक १९३६ च्या उन्हाळ्यात बर्कलीला गेला, तेव्हा सायक्लोट्रॉनचे टाकाऊ धातूचे तुकडे त्याने मागून घेतले. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला लॉरेन्सनी त्याला टपालाने मोलिब्डेनमची एक पट्टी पाठवली. सायक्लोट्रॉनमध्ये महिनोन्महिने कणांचा मारा खाल्लेली ती पट्टी होती. मोलिब्डेनमचा क्रमांक ४२; त्यावर मारा झाला तर त्यात ४३ असू शकेल, हा सेग्रेचा अंदाज. पालेर्मो येथे खनिजतज्ज्ञ कार्लो पेरिए यांच्याबरोबर त्याने तो सिद्ध केला. माणसाने कृत्रिम रीतीने मिळवलेले हे पहिले मूलद्रव्य. १९४७ मध्ये त्याचे नाव ठेवले टेक्नेशिअम; ग्रीकमध्ये कृत्रिम या अर्थाचा शब्द.

१९३८ च्या उन्हाळ्यात सेग्रे पुन्हा बर्कलीत असताना मुसोलिनीच्या सरकारने वंशविषयक कायदे केले, आणि ज्यू असल्यामुळे त्याची पालेर्मोची नोकरी गेली. तो अमेरिकेतच राहिला. त्याच सुमारास त्याने आणि सीबॉर्गने टेक्नेशिअमचे एक रूप शोधले, ते टेक्नेशिअम-९९एम. यातला ‘एम’ मितस्थायी अवस्थेचा. अणुकेंद्राजवळ थोडी जादा ऊर्जा उरलेली असते; ती तो गॅमा किरणाच्या रूपाने टाकतो आणि शांत होतो. अर्धायुष्य ६ तास. गॅमा किरणाची ऊर्जा १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. वर दिलेली मापे आणि ही मापे ताडून पाहावीत. पण मागणी करणारे कोणी नव्हते, आणि शोध फक्त नियतकालिकात राहिला.

१९५० च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन एका वेगळ्याच कामावर होते. त्यांना आयोडीन-१३२ हवे होते. त्याचे अर्धायुष्य अवघे सव्वादोन तास, त्यामुळे दूरच्या इस्पितळाला ते पाठवणे अशक्य. उपाय असा की, आयोडीन न पाठवता त्याची आई पाठवायची. टेल्युरियम-१३२ तीन-सव्वातीन दिवसांच्या अर्धायुष्याने मोडत जाते आणि त्यातून आयोडीन-१३२ जन्मत राहते. टेल्युरियम एका नळीत बसवायचे, आणि हवे तेव्हा द्राव ओतून आयोडीन तेवढे धुऊन घ्यायचे.

त्यांच्या आयोडीनमध्ये एक भेसळ येत होती. थोडीशीच. टाकून देता आली असती. शुद्धीकरणाची एक पायरी वाढवली असती तरी भागले असते. टकर आणि ग्रीन यांनी तिचा माग काढला. ती टेक्नेशिअम-९९एम निघाली. युरेनियमच्या विखंडनातून टेल्युरियम वेगळे काढताना मोलिब्डेनम-९९ थोडेसे त्याच्याबरोबर येत होते, आणि त्यातून टेक्नेशिअम जन्मत होते. म्हणजे हीसुद्धा आई आणि मूल अशीच जोडी होती. मग टेल्युरियमच्या जागी मुद्दाम मोलिब्डेनमच का बसवू नये? अ‍ॅल्युमिनाच्या नळीत मोलिब्डेनम-९९ घट्ट धरले जाते. मिठाचे पाणी सोडले की टेक्नेशिअम तेवढे सुटून खाली येते. १९५८ च्या आसपास असा पहिला जनित्र तयार झाला. ब्रुकहेवनने पेटंटसाठी विचारणा केली तेव्हा अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने नकार दिला. प्रयोगशाळेतल्या प्रयोगांपलीकडे याला गिऱ्हाईक दिसत नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. पुढे जगभरातल्या अणुवैद्यक तपासण्यांपैकी मोठा वाटा याच द्रव्याने उचलला, तेव्हा असे शेरे लिहिणाऱ्यांनी हे प्रकरण भिंतीवर लावून ठेवावे!

गिऱ्हाईक मिळवून दिले पॉवेल रिचर्ड्स यांनी. ब्रुकहेवनच्या समस्थानिक विभागाचे काम ते पाहत. १९६० मध्ये रोमच्या एका परिषदेला जाताना विमानात त्यांची शिकागोच्या पॉल हार्पर या शल्यवैद्यांशी गाठ पडली, आणि प्रवासभर ते टेक्नेशिअमचे गुण सांगत राहिले. १९६१ मध्ये हार्पर यांनी जनित्र मागवले. दरम्यान बर्कलीतच हॅल अँगर यांनी वेगळ्या जातीचा कॅमेरा बांधला होता. पूर्वीचे यंत्र, बेनेडिक्ट कॅसन यांचे, शेत नांगरावे तसे रेघेरेघेने शरीरावरून सरके. अँगरचा कॅमेरा जागेवर राही: चार इंच व्यासाचा सोडियम आयोडाइडचा स्फटिक आणि त्यामागे सात प्रकाशनलिका. किरण स्फटिकात जेथे पडेल तेथे चमक उठते, सातही नलिकांना ती कमीअधिक दिसते, आणि त्या फरकावरून जागा कळते. या पातळ स्फटिकाला १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा किरण अगदी जुळणारा. कॅमेऱ्याने टेक्नेशिअमला आणि टेक्नेशिअमने कॅमेऱ्याला उभे केले.

धार

जनित्राला जगभर ‘गाय’ म्हणतात, आणि आपल्याकडच्या विभागात सकाळी “धार काढली का?” हा प्रश्न कोणी गमतीने विचारत नाही. मोलिब्डेनम-९९ चे अर्धायुष्य ६६ तास. धार काढल्यावर नळीत टेक्नेशिअम पुन्हा साचू लागते आणि साधारण २३ तासांनी सर्वाधिक होते. निसर्गाने इस्पितळाचे वेळापत्रक पाहूनच हे आकडे ठरवले असावेत असे वाटते. मात्र गाय आटत जाते. सोमवारी १०० असेल तर पुढच्या सोमवारी सुमारे १७.

येथे टेक्नॉलॉजिस्टचे गणित सुरू होते, आणि अकरावी-बारावीच्या वर्गात ते जसेच्या तसे घेता येईल. सकाळी नऊला धार काढली. एका रुग्णाला अकरा वाजता २० मिलिक्युरी द्यायचे आहेत. नऊ वाजता किती मोजून ठेवावे? दोन तास म्हणजे अर्धायुष्याचा तिसरा भाग. २ चे घनमूळ १.२६, उत्तर २५.२ मिलिक्युरी. तोच रुग्ण लोकल चुकून तीन वाजता आला तर? नऊला ४० लागले असते. विभागात रोज पंधरा-वीस रुग्ण, प्रत्येकाची वेळ वेगळी, वजन वेगळे, तपासणी वेगळी. आणि बाटलीतला माल प्रत्येक मिनिटाला कमी होतो आहे. शिल्लक टाकून उद्या वापरू, हा मार्ग बंद. किराणा दुकानात अशी वेळ आली तर दुकानदार वेडा होईल.

टेक्नेशिअम एकटे फारसे कामाचे नाही. त्याला कोठे जायचे ते सांगणारा रेणू जोडावा लागतो. हाडाकडे जाणारे फॉस्फेटचे रेणू (सिरॅक्यूजचे सुब्रमण्यन आणि मॅकाफी यांनी १९७१ मध्ये ही वाट दाखवली), मूत्रपिंडाकडे जाणारे वेगळे, हृदयाच्या स्नायूकडे जाणारे वेगळे. रेणू हा पत्ता आणि टेक्नेशिअम हा दिवा. अभ्यासक्रमाच्या नावात ‘मॉलिक्युलर इमेजिंग’ हे शब्द आले आहेत ते यामुळे. ही जोडणी मुळात ऑक्सिडीकरण-क्षपणाचा धडा आहे. धार काढल्यावर टेक्नेशिअम +७ अवस्थेत असते आणि कोणाशी सहसा जोडले जात नाही. कथिलाचा क्षार त्याला क्षपित करून खालच्या अवस्थेत आणतो. म्हणून रेणू आणि कथिल एकाच सीलबंद बाटलीत नायट्रोजनखाली कोरडे ठेवून देतात. त्यात टेक्नेशिअम टोचायचे, हलवायचे, थांबायचे.

ही बाटली आम्हाला एकदा महागात पडली. पीएच.डी. चालू असताना एका इस्पितळाच्या अणुवैद्यक विभागात आम्ही महिनाभर जात होतो. रोज पाहून पाहून आपल्याला येते असा आमचा समज झाला होता. एका गर्दीच्या सकाळी तेथल्या टेक्नॉलॉजिस्ट बाई शेजारच्या खोलीत असताना, त्यांना मदत म्हणून, आम्ही हाडांच्या तपासणीची बाटली तयार केली. कागदी क्रोमॅटोग्राफीची पाच-दहा मिनिटांची चाचणी घाईत राहिली. तीन तासांनी पहिल्या रुग्णाचे चित्र आले: हाडे फिकट, आणि गळ्यात थायरॉइड व पोटात जठर दिव्यासारखे लख्ख. डॉक्टर गोंधळले. बाईंनी चित्राकडे एकदा पाहिले, आमच्याकडे एकदा पाहिले आणि विचारले, “सर, बाटलीत टोचताना सिरिंजमधली हवा आत सोडलीत का?” सोडली होती. दाब सारखा राहावा म्हणून रसायनाच्या प्रयोगशाळेत आम्ही नेहमी सोडत असू. हवेतल्या ऑक्सिजनने कथिल खाऊन टाकले, टेक्नेशिअम मोकळेच राहिले, आणि मोकळे टेक्नेशिअम थायरॉइडला आयोडीनसारखे वाटते. ते आजोबा साताऱ्याकडून रात्रीच्या एस.टी.ने आले होते. त्यांना दोन दिवसांनी पुन्हा यावे लागले, आणि जी मात्रा त्यांच्या शरीरात विनाकारण गेली ती गेली. बाईंनी घडले ते नोंदवहीत आमच्या नावासकट लिहिले आणि आम्हाला खाली सही करायला लावली. त्यांचे बरोबरच होते.

परळ

भारतात या विषयाचे घर मुंबईत परळला आहे. तुर्भ्याला अप्सरा ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. १९६० मध्ये कॅनडाच्या सहकार्याने सायरस आली, आणि समस्थानिक येथेच तयार होऊ लागले. १९६२ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे आले. १९६३ मध्ये त्याच आवारात रेडिएशन मेडिसिन सेंटर उघडले. पुढे डॉक्टरांसाठी पदविका सुरू झाली, आणि टेक्नॉलॉजिस्टसाठी वेगळी पदविकाही.

येथे आपल्या टेक्नॉलॉजिस्टनी एक काम असे केले की ज्याची नोंद परदेशी पुस्तकांत क्वचितच सापडते. ब्रुकहेवनची गाय चालते ती विखंडनातून मिळालेल्या मोलिब्डेनमवर. ते जवळजवळ निव्वळ किरणोत्सारी असते, म्हणून छोट्या नळीत मावते. आपल्याकडे अणुभट्टीत साध्या मोलिब्डेनमवर न्यूट्रॉनचा मारा करून ते बनवले जाई. त्यात किरणोत्सारी अणू मूठभर आणि साधे अणू डोंगरभर. एवढा डोंगर अ‍ॅल्युमिनाच्या छोट्या नळीला धरवत नाही. मोठी नळी घेतली तर धुऊन आलेला द्राव इतका पातळ की टोचता येत नाही. यावर उपाय होता द्रावक-निष्कर्षणाचा. मोलिब्डेनम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवायचे आणि त्यात मिथाइल इथाइल कीटोन घालून घुसळायचे. टेक्नेशिअम कीटोनमध्ये जाते, मोलिब्डेनम खाली राहते. थर वेगळे झाले की वरचा थर काढून घ्यायचा, उष्णता देऊन कीटोन उडवायचे आणि तळाशी उरलेले सलाइनमध्ये घ्यायचे. कीटोन ज्वालाग्राही, सगळे शिशाच्या विटांआड, आरशात पाहून, निर्जंतुक भांड्यांत. परदेशात बटण दाबल्यासारखी धार निघत असताना आपल्या इस्पितळांत वर्षानुवर्षे अनेक टेक्नॉलॉजिस्ट रोज सकाळी हे असे ताक घुसळत होते, आणि त्यातून निघालेल्या लोण्यावर हजारो तपासण्या झाल्या. पुढे तयार जनित्रे आली, जेलवर आधारलेली देशी जनित्रेही आली, आणि आयातीचेही प्रमाण वाढले.

आयातीचा दुसरा चेहरा २००९ मध्ये दिसला. जगाला मोलिब्डेनम पुरवणाऱ्या अणुभट्ट्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्याही म्हाताऱ्या. कॅनडातल्या चॉक रिव्हरची भट्टी मे २००९ मध्ये गळतीमुळे बंद पडली ती ऑगस्ट २०१० पर्यंत. त्या काळातच हॉलंडमधल्या पेटनची भट्टीही काही महिने दुरुस्तीला गेली. साठा करून ठेवता येत नाही अशा मालाची टंचाई कशी असते ते अनेक देशांतल्या इस्पितळांनी अनुभवले. आहे त्या धारेत जास्तीत जास्त रुग्ण बसवणे, कोणाला थांबवता येईल आणि कोणाला नाही याच्या याद्या करणे, जुन्या थॅलियमकडे परत वळणे, हे सगळे टेक्नॉलॉजिस्टच्या टेबलावर आले. आपली सायरसही २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. ध्रुव ही १९८५ पासूनची भट्टी चालू राहिली.

पेट तपासणीची गोष्ट येथे थोडक्यातच सांगतो, कारण ती स्वतंत्र लेखाची आहे. तिच्यातला दिवा फ्लोरीन-१८, अर्धायुष्य ११० मिनिटे, आणि पत्ता ग्लुकोजचा. पहिल्यांदा तो माणसाला दिला गेला ऑगस्ट १९७६ मध्ये फिलाडेल्फियात. बनवला होता ब्रुकहेवनमध्ये, आणि छोट्या विमानाने घाईघाईने नेला होता. भारतात २००२ मध्ये परळच्याच केंद्रात सायक्लोट्रॉनसह ही तपासणी सुरू झाली. म्हणजे टेक्नॉलॉजिस्टच्या घड्याळात सहा तासांऐवजी दोन तासांपेक्षा कमी उरले.

आता त्या पालकांच्या भीतीबद्दल. भीती निराधार नाही. म्हणूनच तिच्यासाठी नियम आहेत. प्रत्येकाच्या छातीवर कॅल्शियम सल्फेटच्या चकत्यांचा बिल्ला असतो. तो ठरावीक मुदतीने प्रयोगशाळेत जातो आणि मिळालेली मात्रा मोजली जाते. भारतात पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० ही कमाल मर्यादा. अभ्यासक्रमातला मोठा भाग ही मात्रा मर्यादेच्या खूप खाली कशी ठेवायची याचाच असतो: वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये शिसे. अंतर दुप्पट केले तर मात्रा चौथाई, हा व्यस्त वर्गाचा नियम येथे चिमट्याच्या लांबीत दिसतो. बाकी विषय म्हणजे अणुकेंद्रीय भौतिकी, शरीरक्रिया, किरणोत्सारी औषधांचे रसायन, संख्याशास्त्र, संगणकाने चित्र उभे करण्याचे गणित. बी.एस्सी.ला भौतिकी, रसायन किंवा जीवशास्त्र मनापासून केलेल्या मुलामुलींना ते झेपते. रुग्णाशी बोलणे मात्र कोणत्याही पुस्तकात नसते. “मी अंगातून किरण सोडतोय, घरी लहान नातू आहे, काय करू?” असे विचारणाऱ्या माणसाला घाबरवून न सोडता नेमके सांगावे लागते.

आणि रोज सकाळची एक चाचणी राहिली. धार काढल्यावर बाटली आधी उघडी मोजतात, मग शिशाच्या जाड डब्यात ठेवून पुन्हा मोजतात. टेक्नेशिअमचे १४० चे किरण शिसे गिळते. मोलिब्डेनमचे ७४० चे किरण त्यातून बाहेर येतात. दुसऱ्या वेळी यंत्राचा काटा जेवढा हलेल तेवढे मोलिब्डेनम नळीतून निसटले आहे. रुग्णाला देण्याच्या वेळी दर मिलिक्युरी टेक्नेशिअममागे ०.१५ मायक्रोक्युरी, ही अमेरिकी मर्यादा. त्याहून जास्त असेल तर ती धार ओतून द्यायची, बाहेर कितीही रुग्ण बसलेले असोत. टकर आणि ग्रीन यांनी केली ती हीच गोष्ट: नको असलेले काही आले आहे का ते पाहणे, आणि आले असेल तर ते काय आहे ते ओळखणे. त्यांना मोलिब्डेनमच्या भेसळीतून टेक्नेशिअम मिळाले. त्यांच्या मागून आलेले रोज टेक्नेशिअममधून मोलिब्डेनमची भेसळ शोधतात.

त्या शिक्षिकांना आम्ही नंतर यातले बरेचसे पत्राने कळवले. वर्षभराने त्यांचे उत्तर आले. विद्यार्थिनीला प्रवेश मिळाला होता, घरचेही निवळले होते. तक्रार एवढीच होती की पहाटेची पहिली लोकल पकडावी लागते, कारण सातच्या आत धार निघाली पाहिजे.